धाकटीची माळ थोरलीच्या गळ्यात

धाकटीला काच शिकवली तीच मुळात चूक झाली, असं थोरलीचं मत होतं. हे मत तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, त्यामुळे ते आतल्या आत चांगलं मुरलं होतं.

दोघी जावा. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात, आणि गेली तीन वर्षं एकाच कारखान्यात. कारखाना म्हणायचं आपलं. मालकीणबाई त्याला स्टुडिओ म्हणत. मूळची ती लॉन्ड्री. फरशीला अजून मोरीच्या बाजूनं उतार होता, त्यामुळे हातातून मणी निसटला की तो थेट मोरीपाशी जाऊन सापडायचा. लोकांनी टाकून दिलेल्या बाटल्या आणि फुटकी तावदानं तिथं पोत्यांनी यायची. ती धुवायची, लेबलं खरवडायची, काच फोडायची, वितळवून तिच्या पेन्सिलीएवढ्या कांड्या ओढायच्या आणि त्या कांड्यांचे मणी करायचे. नवी काच विकत आणायची नाही, असा बाईंचा नेम होता. जगात आहे तेवढी काच पुरे झाली, असं त्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत, आणि मग त्या पुऱ्या झालेल्या काचेची माळ त्याच्या गळ्यात बांधून पाठवत.

थोरली तिथं बारा वर्षं होती. एका हातात काचेची कांडी, दुसऱ्या हातात माती लावलेली सळई, समोर गॅसच्या टॉर्चची निळी ज्योत. कांडीचं टोक मऊ झालं की सळईवर गुंडाळायचं, फिरवत राहायचं, गोल झालं की भट्टीत ठेवायचं. भट्टी रात्रभर हळूहळू निवते, सकाळी मणी काढायचे. ऐकायला सोपं आहे. बाटलीची काच मात्र हट्टी असते. ज्योतीत कमी धरली तर वळत नाही, जास्त धरली तर तिच्यावर पांढुरकी साय येते. थोरलीचे मणी एकासारखा एक यायचे. डोळे मिटून बोटांत फिरवले तरी पहिला कुठला आणि तिसावा कुठला ते कळू नये. या गोलाईवर तिनं बारा वर्षं काढली होती आणि त्याबद्दल तिला गर्व होता. तो असायलाही हरकत नव्हती.

मग धाकटी आली. ती काम करायची ते दुकान बंद पडलं, घरात बसून कंटाळली, तेव्हा थोरलीनंच बाईंकडे शब्द टाकला होता. 'माझी जाऊ आहे. हात हलका आहे. शिकेल.' शिकली. त्यात ती डावखुरी, त्यामुळे तिला शिकवताना थोरलीला आरशात बघून वेणी घातल्यासारखं व्हायचं, सगळं उलटं. पहिले सहा महिने धाकटीच्या मण्यांना ना आकार ना उकार. थोरलीनं तिला फार मायेनं समजावलं, धीर दिला, तिचे वेडेवाकडे मणी बाईंच्या नजरेआड टोपलीत टाकले. दुसऱ्याला जमत नसतं तोवर माया करायला काही पडत नाही.

दुसऱ्या वर्षी धाकटीनं मणी गोल करण्याचा नादच सोडला. तावदानाची पांढरी काच, जिला कुणी हात लावत नव्हतं, तिचे ती लहान, लांबट, थोडे झुकलेले मणी करू लागली. आत एखादा बुडबुडा मुद्दाम ठेवलेला. आपण ज्या चुका टाकून देतो त्या ही विकायला काढते, असं थोरली मनाशी म्हणाली. मग तिनं त्यातला एक मणी उचलून उजेडात धरला. तो सुंदर होता. तो कसा केला ते तिला कळत होतं, पण आपल्या हातून तो कधीच झाला नसता हेही कळत होतं.

थोरलीच्या मण्यांना लोक 'किती सुबक' म्हणत. धाकटीच्या मण्यांना काहीच म्हणत नसत; नुसते हातात घेऊन उभे राहत. त्यात धाकटीची ती सवय. कुणी विचारलं की सांगायची, 'मला आमच्या ताईंनी शिकवलं.' प्रत्येकाला सांगायची, अगदी मनापासून. ते ऐकलं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हिनं जरा तरी शेफारून जावं, एकदा तरी उद्धट बोलावं, म्हणजे आपल्याला धड रागावता तरी येईल! पण तेवढंही सुख ती देत नव्हती.

त्या वर्षी बाईंना मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. स्टुडिओची एकच माळ मांडायची, आणि जिनं ती केली तिनं महिनाभर तिथं बसून लोकांसमोर काम करून दाखवायचं. परत आली की टॉर्चच्या खोलीचा सगळा कारभार तिच्याकडे. बाईंचे डोळे आता साथ देत नव्हते. त्यांना गादी कुणाच्या तरी हाती द्यायची होती, हे सगळ्यांना कळत होतं. सहा जणींनी माळा केल्या. बाईंनी चार बाजूला सारल्या. उरल्या दोन. कुठल्या, ते सांगायला नकोच.

इथं थोरलीनं एक गोष्ट केली होती, ती सांगायला हवी. तिची माळ औषधाच्या तपकिरी बाटल्यांची, एकतीस मण्यांची. रंग मधासारखा, गोलाई निर्दोष. पण शेजारच्या टेबलावर धाकटीची माळ जमत चालली तशी आपली माळ तिला बोजड वाटायला लागली. एकतीस गुणी मुली शाळेत रांगेत उभ्या केल्यासारखी. म्हणून तिनं प्रत्येक मण्यावर हिरव्या बाटलीच्या काचेची एक बारीक रेघ चढवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत गोल फिरत जाणारी. दिसायला झकास. पण एका बाटलीची काच दुसऱ्या बाटलीच्या काचेला धरत नाही. दोन्ही गरम असताना गळ्यात गळा घालतात, आणि निवताना एक जास्त आकसते, एक कमी. मग आज नाहीतर उद्या फट पडते. हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवतात. कित्येक वर्षं ते शिकवत होती ती थोरलीच. दोन दिवस तिनं माळ खिडकीत ठेवून बघितली. काही झालं नाही. रेघ बारीक आहे, चालून जाईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. हेव्यानं डोळे मिटले की हातांची अक्कलही जाते.

आता बाईंचा दुसरा नेम. टाकाऊ काचेचा भरवसा नसतो, म्हणून कुठलाही नवा नमुना बाहेर जायच्या आधी आठ दिवस कुणीतरी अंगावर घालायचा. जिनं केला तिनं नाही, दुसरीनं. अंघोळीला, स्वयंपाकाला, झोपताना, सगळीकडे. फुटायची ती काच या आठ दिवसांत फुटते. याला सगळ्या 'आठवडा काढणं' म्हणत. नवव्या दिवशी माळ टेबलावर ठेवून एकच शब्द सांगायचा: राहिली, किंवा गेली. कशी, का, कुठे, काही विचारायचं नाही. घालणारीचा शब्द शेवटचा.

"तुम्ही दोघी एकमेकींच्या घाला," बाई म्हणाल्या. "तुमच्याहून कडक परीक्षा दुसरं कोण घेणार?"

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली. थोरलीनं मान पुढे केली आणि धाकटीनं आपली माळ तिच्या गळ्यात बांधली. तावदानाची काच, त्यामुळे आधी गार लागली, मग अंगाइतकी ऊन झाली आणि लागेनाशी झाली. ते तर आणखी वाईट.

पहिल्याच दिवशी जेवायच्या टेबलावर सासूबाई दोघींकडे बघून म्हणाल्या, "एकमेकींचे दागिने घातलेत. जावा नाही, बहिणी वाटताय अगदी."

थोरलीच्या नवऱ्यानं मान वर केली. हा माणूस भिंतीचा रंग बदलला तरी पंधरा दिवसांनी विचारणारा. त्यानं बायकोकडे बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि म्हणाला, "ही चांगली दिसते तुला. तुझ्या तू का नाही घालत कधी?"

"माझ्या विकायला असतात," थोरली म्हणाली आणि पाणी आणायला उठली. पाण्याचा जग टेबलावरच होता.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये एका अनोळखी म्हातारीनं माळ दिसावी म्हणून जागा बदलली. तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात काउंटरवरची बाई गोळ्या मोजता मोजता थांबली.

"कुठून घेतलीत हो?"

"घेतली नाही," थोरली म्हणाली. "मी केली."

तोंडातून कसं निघालं ते तिचं तिला कळलं नाही. काउंटरवरची बाई म्हणाली, "तुमच्या हातात जादू आहे." थोरली पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडला, आणि पलीकडे जाऊन चपलांच्या दुकानाच्या काचेत स्वतःला बघत उभी राहिली. खरंच दिसत होती चांगली. ते कौतुक तिनं घरापर्यंत जपून नेलं, आणि घरात पाय ठेवताच ते कुणाचं आहे हे आठवून तिला रडू यायला लागलं. उष्टं कौतुक. बारा वर्षांत स्वतःच्या मण्यांसाठी असं वाक्य कधी ऐकलं होतं का, ते ती आठवत बसली. 'सुबक' आठवलं. 'टिकाऊ' आठवलं.

आणि धाकटी तिकडे काय करत होती? चौथ्या दिवसापासून ती गळ्याभोवती जाड रुमाल गुंडाळून फिरायला लागली. सर्दी झालीय म्हणे. नाक तर कोरडं होतं. थोरलीला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही: हिला माझी माळ घालायची लाज वाटते. लोकांनी बघू नये म्हणून झाकते. शिवाय ती आता संध्याकाळी तास-दीड तास मागे थांबायला लागली.

"एवढं काय काम निघालं?" थोरलीनं भाजी चिरता चिरता विचारलं.

"हात बसवतेय, ताई. एक गोष्ट जमतच नाहीय."

"अजून काय जमायचं राहिलंय तुझं?"

"खूप राहिलंय," धाकटी म्हणाली, आणि ताट-वाट्या मांडायला गेली.

म्हणजे प्रदर्शनाची तयारी. निकाल लागायच्या आधीच ही लोकांसमोर बसायचा सराव करते. इतकी खात्री! थोरलीनं बाकीची भाजी अशी चिरली, की सासूबाईंनी येऊन सुरी काढून घेतली.

सहाव्या दिवशी सुट्टी होती. दुपारी घरात कोणी नव्हतं. सगळे बाहेर गेले होते आणि धाकटी, अर्थातच, स्टुडिओत. थोरलीनं चहासाठी पाणी ठेवलं. पाणी उकळलं. चहाची भुकटी हातात घेऊन ती जरा वेळ उभी राहिली, मग भुकटी परत डब्यात टाकली. गळ्यातली माळ सोडली, खोलगट भांड्यात ठेवली आणि वरून उकळतं पाणी ओतलं. तिनं दोन मिनिटं थांबून माळ चिमट्यानं उचलली आणि बर्फाच्या पाण्यात सोडली. कान लावला. काही नाही.

खरं तर इथंच थांबता आलं असतं. परीक्षाच घ्यायची आहे ना, मग जरा कडक घेतली, असं मनाला समजावता आलं असतं. पण तिनं पुन्हा पाणी उकळवलं. पुन्हा तसंच. पुन्हा काही नाही. बुडबुडे आत जिथल्या तिथं, काच हसल्यासारखी लखलखीत. आता मात्र थोरलीला घाम फुटला. आपला एकही मणी पहिल्याच उकळीतून बाहेर आला नसता, हे तिला पक्कं माहीत होतं. धाकटीला भट्टी कुणी शिकवली? थोरलीनंच. 'निवायला घाई करू नकोस, काच लक्षात ठेवते' हे सांगितलं कुणी? थोरलीनंच. गुरूची विद्या गुरूला फळली होती. तिनं तिसऱ्यांदा पाणी ठेवलं.

तिसऱ्यांदा अगदी बारीक आवाज आला. टिक. मधला एक मणी आडवा तडकला होता, केसाएवढा.

थोरली खुर्चीवर बसली. आनंद होईल असं वाटलं होतं, तो काही आला नाही. तिनं माळ पुसली, गळ्यात बांधली, भांडी धुऊन पालथी घातली आणि शेवटी बिनचहाचीच राहिली. पुढचे दोन दिवस कुणी नुसतं 'काय गं' म्हटलं तरी तिला दचकायला होत होतं. खाई त्याला खवखवे. रात्री कूस बदलली की तो तडकलेला मणी गळ्याला कुठे लागतो ते अचूक कळायचं.

नवव्या दिवशी सकाळी लांब टेबलापाशी सगळ्या जमल्या. बाईंनी चष्मा पुसला आणि धाकटीकडे बघितलं.

धाकटीनं तपकिरी माळ टेबलावर ठेवली. "राहिली," ती म्हणाली.

थोरलीला हे अपेक्षित होतं आणि नव्हतंही. हिरव्या रेघांची धास्ती तिच्या मनातून पुरती गेली नव्हती. चला, राहिली. तिनं आपल्या गळ्यातली माळ काढली, टेबलावर ठेवली, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "गेली."

कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. धाकटीनं माळ उचलून खिडकीपाशी नेली आणि तो मणी उजेडात धरून बघितला. बराच वेळ बघितला. मग परत आली.

"माझंच काही चुकलं असेल," ती म्हणाली. "त्या दिवशी भट्टी थोडी लवकर उघडली होती बहुतेक."

"काच म्हणजे काच," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना कुठली माळ पाठवायची होती ते त्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं. पण नेम त्यांचाच. त्यांनी तपकिरी माळ थोरलीपुढे सारली. "घे. तुझी तू पेटीत बांध. पुढच्या सोमवारी निघायचं आहे."

झालं. बारा वर्षांनी झालं. थोरलीनं माळ हातात घेतली आणि सवयीप्रमाणे एकेक मणी बोटांखालून सरकवला. पहिला, दुसरा, तिसरा. अकराव्यावर बोट थांबलं. तिनं तो डोळ्यांपाशी नेला.

मणी गोल होता. रंग तोच, हिरवी रेघही तेवढीच बारीक. फक्त ती रेघ उलटी चढत होती. बाकीच्या तीस मण्यांवर ती एका अंगानं फिरत वर जात होती, या एकावर दुसऱ्या अंगानं. मणी उलटा धरला तरी हा फरक जात नाही. स्क्रूचा आटा कसाही धरला तरी आपली दिशा बदलत नाही, तसं. उजव्या हाताची रेघ अशी चढत नाही. स्टुडिओत डावखुरी एकच होती.

म्हणजे मणी फुटला होता. थोरलीच्या हावरेपणानं, दुसऱ्या बाटलीच्या काचेनं, फुटायचा तसा फुटला होता, आणि तो गळ्यावर दिसू नये म्हणून तो रुमाल होता. संध्याकाळी मागे थांबून धाकटी हा मणी करत होती. 'एक गोष्ट जमतच नाहीय' ती हीच. आणि आता ती शेजारी उभी होती, आपली माळ हातात घेऊन, भट्टी लवकर उघडल्याचा खोटा दोष स्वतःवर घेऊन.

इथं थोरलीला पश्चात्ताप झाला असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. तिला संताप आला. असा संताप तिला तीन वर्षांत आला नव्हता. मणी हिचे चांगले, भट्टी हिची चांगली, आणि आता मनही हिचंच मोठं? निदान एका बाबतीत तरी हिनं माझ्यापुढे जाऊ नये. महिनाभर लोकांसमोर बसायचं, 'किती सुबक' ऐकायचं, आणि अकराव्या मण्यात ही बसलेली असणार, समजून घेत, माफ करत. ते तिला सोसवेना. माणसं चांगुलपणानं खरं बोलतात असं म्हणतात. थोरली निव्वळ हेव्यापोटी खरं बोलली.

"बाई, हा मणी माझा नाही," तिनं माळ टेबलावर ठेवली. "माझा फुटला. हिनं बदललाय. मी दोन बाटल्यांची काच जोडली होती."

"ताई," धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. आणि हिची माळ गेली नाही. मी घालवली. उकळतं पाणी ओतलं आणि बर्फात टाकली."

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. आता त्या काय बोलतील याकडे सगळ्यांचे कान लागले. बाईंनी विचारलं ते भलतंच.

"पहिल्यांदाच तडकली?"

"नाही," थोरली म्हणाली.

"मग?"

"तिसऱ्यांदा."

"तीनदा उकळती आणि तीनदा बर्फात?"

"हो. पहिल्या दोनदा तिला काही झालं नाही." थोरलीचा आवाज बारीक झाला. "मी कान लावून बसले होते."

बाईंनी धाकटीची माळ मागून घेतली, खोक्यात ठेवली आणि खोक्यावर हात ठेवून बसल्या. बारा वर्षांत या टेबलावर कुणी कुणाच्या मण्याला एवढी मोठी दाद दिली नसेल, आणि ती देणारीला ती द्यायची नव्हती.

"एक मणी बदला आणि हीच पाठवा," त्या म्हणाल्या. "तू 'राहिली' म्हणून खोटं बोललीस, तू 'गेली' म्हणून खोटं बोललीस. दोघी एका घरातल्या शोभता. यापुढे माळा मीच घालीन, म्हातारीच्या गळ्यात कशाही दिसोत."

कुणी हसलं नाही. दिवसभर थोरलीनं मणी केले. कुणी तिला काही म्हणालं नाही, आणि मोरीपाशी घरंगळलेला तिचा मणीही कुणी आणून दिला नाही.

संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या बरोबर निघाल्या, कारण घर एकच आणि बस एकच. धाकटी चार पावलं पुढे चालत होती. असं ती कधी चालत नसे. थांब्यावर बाकावर दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. थोरलीला वाटलं, आता ही म्हणणार, जाऊ द्या ताई, झालं ते झालं. त्या माफीला तोंड कसं द्यायचं याची ती मनात तयारी करू लागली.

"तुम्हाला वाटलं, मी तुमच्यासाठी मणी बदलला," धाकटी समोर बघत म्हणाली.

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी. तुमची फुटली म्हणून मला मिळालं, असं सगळ्या म्हणाल्या असत्या. मला तुमची धड माळ शेजारी ठेवून तुम्हाला हरवायचं होतं. तीन वर्षं तेवढंच हवंय मला." तिनं गळ्याचा रुमाल सोडून पिशवीत कोंबला. "आणि 'भट्टी लवकर उघडली' असं मी म्हणाले, तेव्हा मला माहीत होतं ती उघडली नव्हती. तडा आडवा होता. असा तडा पाण्यानंच जातो, तुम्हीच शिकवलंय. घरी जाऊन मी तुमच्याशी काय भांडले असते, ते मी मनात जुळवत होते. तुम्ही मध्येच खरं बोललात."

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. ही बाई तिनं तीन वर्षांत पाहिली नव्हती. हिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या, आवाज चिरका झाला होता, आणि ती अजिबात समजूतदार दिसत नव्हती.

"मी हे विसरणार नाही, ताई."

"विसरू नकोस," थोरली म्हणाली. तिला हलकं वाटत होतं, आणि ते लपवणं जड जात होतं.

बस येताना दिसली. दोघी उठल्या. लोक पुढे सरकले, तशी मधली जागा आपोआप भरून गेली आणि धाकटीचा खांदा थोरलीच्या खांद्याला लागला.

"किती केलेस?" थोरलीनं विचारलं.

"काय?"

"मणी. माझ्यासारखा एक जमेपर्यंत किती केलेस?"

धाकटीला सांगायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. तिनं ओठ आवळले, पायरीवर पाय ठेवला आणि मागे न बघता म्हणाली, "सतरा. सोळा फेकले."

थोरलीनं मान खाली घातली. तिला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटतही होती. पण बसमध्ये जागा मिळून खिडकीशी बसल्यावर, खोटं कशाला सांगायचं, सबंध रस्ताभर ती ते सोळा मणी मनातल्या मनात एकेक करून मोजत होती.